आवाज गेला, पण गाणं राहिलं : उस्ताद अल्लादिया खाँ

कोल्हापूरच्या गाण्याचा विषय निघाला की उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांचं नाव निघतंच. पण ऐन उमेदीत या माणसाचा आवाज पार गेला होता, हे आपल्या मुलांना सहसा कुणी सांगत नाही.

खाँसाहेबांचा जन्म १८५५ चा, राजस्थानातल्या उनियाऱ्याचा. घराणं मूळचं अलीगढजवळच्या अत्रौलीचं. वालिद ख्वाजा अहमद खाँ दरबारी गवई होते, ते लवकर वारले. मग चाचा जहांगीर खाँ यांनी जयपूरला त्यांच्याकडून धृपद आणि ख्याल घोटून घेतला. वर्षानुवर्षं रियाज चालला.

पुढं आमलेटा नावाच्या छोट्या संस्थानात ते राहिले. तिथला राजा गाण्याचा शौकीन. तासन्‌तास गायला लावायचा आणि खाँसाहेबही गायचे. एक दिवस घसा बसला तो बसलाच.

असं का होतं? घशातल्या स्वरयंत्रात दोन नाजूक घड्या असतात. छातीतून हवा वर आली की त्या एकमेकींना भिडून थरथरतात. तिथं तयार होतो तो नुसता भुणभुणाट. त्याचं अक्षर आणि स्वर बनतो वर तोंडात. मकतबमध्ये मौलवीसाहेब मखरज शिकवतात ना, ऐन घशातून, क़ाफ जिभेच्या मुळातून, मीम ओठांतून, तेच हे. घड्यांवर फार ताण आला की त्या सुजतात, नीट मिटत नाहीत, मधून हवा निसटते आणि आवाज फाटतो. आम्हा शिक्षकांना हे वेगळं सांगायला नको. भरलेल्या वर्गात ओरडून शिकवलं की आठवड्याच्या शेवटी घशातून फक्त वारा येतो. आम्हाला निदान खडू-फळा तरी असतो. गवयाकडं दुसरं काय असतं?

बऱ्याच काळानं खाँसाहेबांचा आवाज परतला, पण तो पहिला नव्हता. जड झाला होता. दुसरा कुणी असता तर त्यानं जुन्या आवाजाची नक्कल करत उरलेलं आयुष्य काढलं असतं. खाँसाहेबांनी आहे त्या आवाजाला शोभेल असं गाणंच नव्यानं बांधलं. मोकळा आकार म्हणजे जबडा सैल, जीभ खाली सपाट, पडजिभेजवळचा मऊ टाळू वर उचललेला, म्हणजे हवा नाकात जात नाही. त्यावर लांब दमसास आणि लयीला धरून वळणं घेत जाणाऱ्या पेचदार ताना. हीच पुढं जयपूर-अत्रौली गायकी म्हणून ओळखली गेली. अनवट राग तर त्यांच्याकडं इतके होते की भले भले गवई चकित व्हायचे.

राजर्षी शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले आणि पुढच्या काही वर्षांतच खाँसाहेब कोल्हापूरच्या दरबारी आले. १९२२ साली महाराज गेले तोवर ते इथलेच होते. माझ्या मते त्यांचं खरं वतन कोल्हापूरच, जन्म कुठं का झाला असेना. नंतर ते मुंबईला गेले. धाकटे चिरंजीव भुर्जी खाँ मात्र कोल्हापुरात राहून शिकवत राहिले.

भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर हे सगळे त्यांचे शागीर्द. शिकवताना जात-धर्म आड आला नाही, पण मेहनतीत सवलत नव्हती. पलटा गळ्यात बसेपर्यंत तोच पुन्हा पुन्हा घ्यायचा.

१९३७ साली मधले चिरंजीव मंजी खाँ गेले. म्हातारपणी तो घाव त्यांनी सोसला. १६ मार्च १९४६ रोजी मुंबईत खाँसाहेबांचा इंतकाल झाला.

त्यांच्या स्वतःच्या गाण्याची ध्वनिमुद्रिका नाही. पण १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर यानं अवकाशात सोडली, त्यांच्यावरच्या सोनेरी तबकडीत केसरबाईंची भैरवी आहे. खाँसाहेबांनी घडवलेला तो आकार आता सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडं जाऊन पोचलाय.