ग्वाल्हेरचा गड आणि महादजी शिंदे

ग्वाल्हेरचा किल्ला आपण रोज पाहतो. सुमारे तीनशे फूट उंच खडकावरचा हा गड दीड हजार वर्षांचा साक्षीदार आहे. इ. स. ८७६ च्या शिलालेखातील शून्य येथील चतुर्भुज मंदिरात आजही दिसते. राजा मानसिंह तोमर यांनी मानमंदिर उभारले. पण हा गड गमावून पुन्हा मिळवणारे महादजी शिंदे आपल्याला कितपत माहीत आहेत?

महादजी हे राणोजी शिंद्यांचे पुत्र. घराण्यातले एकेक कर्ते पुरुष लढाईत पडत गेले. बंधू दत्ताजी १७६० मध्ये बुराडी घाटावर पडले. पुतणे जनकोजी १७६१ च्या पानिपतानंतर मारले गेले. पानिपतावरच महादजींच्या पायाला मोठी जखम झाली व ते जन्मभर लंगडत राहिले. जखमी महादजींना राणेखान नावाच्या एका भिश्त्याने वाचवले. हा उपकार ते कधी विसरले नाहीत. त्यांनी राणेखानाला भाऊ मानले आणि पुढे तो त्यांचा मोठा सरदार झाला.

१७८० साली इंग्रजांशी युद्ध चालू होते. ग्वाल्हेरचा गड तेव्हा महादजींकडे होता. चहूबाजूंना तुटलेले कडे असल्याने तो अजिंक्य समजला जाई. ऑगस्टमधील एका रात्री कॅप्टन पॉपहॅमची तुकडी शिड्या लावून कड्यावर चढली. वाट गोहदच्या राण्याच्या माणसांनी दाखवली होती. पावलांचा आवाज होऊ नये म्हणून शिपायांनी कापूस भरलेले जोडे घातले होते. पहारेकरी बेसावध राहिले आणि गड गेला. पुढे इंग्रजांनी तो गोहदच्या राण्याला दिला.

महादजी खचले नाहीत. युद्ध चालू ठेवून त्यांनी वाटाघाटीही केल्या. १७८२ मध्ये ग्वाल्हेरजवळच सालबाई येथे इंग्रज व मराठे यांचा तह झाला, तो त्यांच्याच मध्यस्थीने. इंग्रज बाजूला होताच त्यांनी गडाला वेढा घातला आणि १७८३ मध्ये तो परत घेतला. १७८४ मध्ये बादशहाने पेशव्यांना वकील-इ-मुतलक हे पद दिले व दिल्लीचा कारभार महादजींच्या हाती आला. त्याच सुमारास त्यांनी द बॉइन या फ्रेंच-भाषक सेनानीकडून कवायती पलटणी उभारल्या.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे त्यांचे निधन झाले. तेथे त्यांची छत्री आहे.

या चरित्रातून आपण दोन गोष्टी घ्याव्यात असे आम्हांस वाटते. कडा कितीही उंच असो, गड राखतो तो जागा पहारेकरी. आणि गेलेले परत मिळवायचे तर रडत न बसता धीराने कामाला लागावे. अभ्यासातही हेच खरे आहे. पालकांनी मुलांना सुट्टीत गडावर जरूर न्यावे आणि तटावर उभे राहून तो कडा एकदा दाखवावा.