अँटोनिया मॉरी : वर्णपटातल्या रेषांवरून ताऱ्यांच्या जोड्या ओळखणाऱ्या संशोधक

लग्नात नवरा-नवरीला सप्तर्षींमधला वसिष्ठ आणि त्याच्या शेजारची अरुंधती दाखवण्याची प्रथा आहे. यातला वसिष्ठ हा एकच तारा नाही. दुर्बिणीतून तिथे दोन तारे दिसतात. त्यातला अधिक ठळक तारा हीसुद्धा एक जोडीच आहे, हे १८८९ मध्ये जाहीर झालं. ही जोडी त्या काळच्या कुठल्याच दुर्बिणीतून वेगळी दिसत नव्हती. ती सापडली ताऱ्याच्या प्रकाशाच्या वर्णपटात. अशा जोड्यांचा अभ्यास सुरू करणाऱ्या पहिल्या काही संशोधकांमध्ये अँटोनिया मॉरी यांचं नाव येतं.

घरातूनच मिळालेला वारसा

अँटोनिया यांचा जन्म २१ मार्च १८६६ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या कोल्ड स्प्रिंग इथे झाला. त्यांचे आजोबा जॉन विल्यम ड्रेपर यांनी १८४० मध्ये चंद्राचं छायाचित्र घेतलं होतं. मामा हेन्री ड्रेपर यांनी १८७२ मध्ये अभिजित ताऱ्याच्या वर्णपटाचं छायाचित्र घेतलं आणि त्यात रेषा स्पष्ट दिसल्या. तसं छायाचित्र त्याआधी कोणालाच जमलं नव्हतं. वासर कॉलेजात खगोलशास्त्रज्ञ मरिया मिचेल यांच्याकडे शिकून अँटोनिया १८८७ मध्ये पदवीधर झाल्या.

पुढच्याच वर्षी त्या हार्वर्ड वेधशाळेत रुजू झाल्या. संचालक एडवर्ड पिकरिंग यांनी तिथे ताऱ्यांच्या वर्णपटांची नोंद करण्याचं मोठं काम हाती घेतलं होतं. त्यासाठीचा पैसा हेन्री ड्रेपर यांच्या पत्नीने पतीच्या स्मरणार्थ दिला होता. काचेच्या छायाचित्र-पट्ट्या तपासण्याचं काम स्त्रिया करत. त्यांना तासाला साधारण २५ सेंट मिळत.

रेषा दुभंगते म्हणजे काय होतं?

ताऱ्याच्या वर्णपटात बारीक काळ्या रेषा असतात. तारा आपल्याकडे येत असेल तर त्या निळ्या टोकाकडे सरकतात, दूर जात असेल तर तांबड्या टोकाकडे. दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतील तर एक आपल्याकडे येत असताना दुसरा दूर जात असतो. अशा वेळी एका रेषेच्या दोन रेषा झालेल्या दिसतात. दोघेही आपल्या दृष्टिरेषेला आडवे जात असताना त्या पुन्हा एक होतात.

वसिष्ठाच्या पट्टीवर हा प्रकार आधी पिकरिंग यांच्या लक्षात आला. तो पुढे तपासण्याचं काम मॉरी यांच्याकडे आलं. १८८९ च्या अखेरीस सारथी तारकासमूहातल्या बीटा ताऱ्याच्या रेषाही दुभंगतात, हे त्यांनी स्वतः शोधलं. या जोडीची एक फेरी जेमतेम चार दिवसांत पूर्ण होते.

वेग हवा की बारकावा?

पिकरिंग यांना हजारो ताऱ्यांचं वर्गीकरण लवकर हवं होतं. मॉरी यांना मात्र रेषांची जाडी आणि धारही नोंदवावीशी वाटत होती. त्यांनी २२ गट पाडले. शिवाय नेहमीसारख्या रेषांना ए, पसरट रेषांना बी आणि विलक्षण बारीक, रेखीव रेषांना सी अशी खूण दिली. काम लांबत गेलं आणि मतभेद वाढले. मॉरी मध्येच वेधशाळा सोडून शिक्षिका झाल्या. आपल्या कामाचं श्रेय आपल्या नावानेच छापलं जावं, असा त्यांचा आग्रह होता. तो मान्य झाला. १८९७ मध्ये ६८१ ताऱ्यांची त्यांची सूची त्यांच्या नावासह प्रसिद्ध झाली.

डॅनिश शास्त्रज्ञ आयनार हर्ट्झस्प्रुंग यांनी १९०५ मध्ये या सूचीतले सी खुणेचे तारे तपासले. ते आकाशात अगदीच कमी सरकत होते. म्हणजे ते फार दूर होते, आणि इतक्या दुरूनही ठळक दिसतात म्हणजे मुळातच प्रचंड तेजस्वी होते. राक्षसी तारे आणि साधे तारे यांतला फरक मॉरी यांच्या खुणांमध्ये आधीच नोंदला गेला होता. तरीही पिकरिंग यांना तो पटला नाही. आंतरराष्ट्रीय खगोल संघाने ही सी खूण १९२२ मध्ये स्वीकारली.

बीटा लायरीचं कोडं

पुढे मॉरी हार्वर्डला परतल्या आणि त्यांनी अभिजितच्याच तारकासमूहातला बीटा लायरी हा तारा अभ्यासाला घेतला. त्याचं तेज सुमारे १३ दिवसांत दोनदा कमी होतं, एकदा जास्त आणि एकदा थोडं. हा बदल इंग्लंडच्या जॉन गुडरिक यांनी १७८४ मध्ये टिपला होता. पण त्याच्या वर्णपटात काळ्या रेषांसोबत चमकदार रेषाही दिसत आणि त्या सतत बदलत. साध्या जोडताऱ्याचा हिशेब इथे लागू पडत नव्हता. वर्षानुवर्षांच्या पट्ट्या मोजून मॉरी यांनी या बदलांवरचा ग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध केला.

आज यामागचं कारण ठाऊक आहे. सूर्याच्या सुमारे तिप्पट वस्तुमानाचा एक तारा आपला वायू शेजारच्या ताऱ्यावर ओतत आहे. हा शेजारी सूर्याच्या सुमारे १३ पट जड आहे, पण वायूच्या जाड तबकडीत झाकला गेला आहे. वस्तुमान असं इकडून तिकडे जात असल्याने जोडीच्या फेरीचा काळ दर वर्षी सुमारे १९ सेकंदांनी वाढतो.

मॉरी १९३५ मध्ये निवृत्त झाल्या. तरी बीटा लायरीच्या नव्या पट्ट्या पाहायला त्या पुढेही हार्वर्डला जात राहिल्या. १९४३ मध्ये अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना ॲनी जंप कॅनन पुरस्कार दिला. कॅनन या त्यांच्या हार्वर्डमधल्याच सहकारी होत्या आणि पिकरिंग यांनी मॉरी यांच्याऐवजी कॅनन यांची सोपी वर्गवारी पसंत केली होती. ८ जानेवारी १९५२ रोजी मॉरी यांचं निधन झालं. ताऱ्यांच्या आजच्या वर्गीकरणात तापमानासाठी कॅनन यांची अक्षरं वापरतात. त्याला जोडून ताऱ्याचं तेज दाखवणारा वर्गही लिहितात. तो मुख्यतः रेषांच्या रूपावरूनच ठरतो.