दयाळू कॅनिंग

चार्ल्स जॉन कॅनिंग याचा जन्म १८१२ साली लंडन शहरी झाला. त्याचे वडील जॉर्ज कॅनिंग हे काही काळ इंग्लंडचे पंतप्रधान होते. ऑक्सफर्ड येथील शिक्षण आटोपून तो राजकारणात शिरला आणि फेब्रुवारी १८५६ मध्ये हिंदुस्थानचा गव्हर्नर-जनरल म्हणून कलकत्त्यास येऊन दाखल झाला. स्वभावाने तो अबोल होता. निर्णय घेण्यास त्याला वेळ लागे.

१० मे १८५७ रोजी मीरत येथे उठावाचा भडका उडाला. इंग्रज स्त्रिया व मुले मारली गेल्याच्या वार्ता येऊ लागताच कलकत्त्यातील गोरे लोक सूडासाठी पेटून उठले. सरकारने घाईघाईने नवे कायदे केले. उठावात सामील असल्याच्या आरोपावरून कोणासही झटपट चौकशी करून फाशी देण्याचा अधिकार मुलकी अधिकाऱ्यांच्या हाती आला. या कायद्यांना खुद्द कॅनिंगचीच संमती होती, हे विसरता येत नाही. परिणाम भयंकर झाला. काशी आणि प्रयाग यांच्या परिसरात झाडाझाडांना प्रेते लोंबू लागली. गावेच्या गावे जळाली. आपल्या घरी परतणाऱ्या निःशस्त्र शिपायांनाही फास चुकला नाही.

आता मात्र कॅनिंग सावध झाला. ३१ जुलै १८५७ रोजी त्याने हुकूम काढला. ज्या पलटणीने बंड केलेले नाही, तिच्यातील निःशस्त्र शिपायास मुलकी अधिकाऱ्याने शिक्षा देऊ नये. ज्या पलटणीने बंड केले, पण आपल्या अधिकाऱ्यांचे रक्त सांडले नाही, तिच्यातील निःशस्त्र शिपायास लष्कराच्या स्वाधीन करावे. सरसकट गावे जाळू नयेत. ज्या पलटणींनी हत्या केल्या, त्यांच्या शिपायांची मात्र गय नव्हती.

एवढ्या मोजक्या दयेनेही गोरे लोक खवळले. लंडनमध्ये त्याला उपहासाने दयाळू कॅनिंग म्हणू लागले. कलकत्त्याच्या गोऱ्यांनी तर त्याला परत बोलवावे, असा अर्जच राणी व्हिक्टोरियाकडे धाडला. कॅनिंगने हुकूम मागे घेतला नाही. चिडवण्यासाठी ठेवलेले ते नाव पुढे आदराने घेतले जाऊ लागले.

१ नोव्हेंबर १८५८ रोजी अलाहाबाद येथे त्याने राणीचा जाहीरनामा वाचला. इंग्रजांच्या हत्येत प्रत्यक्ष भाग न घेणाऱ्यांपैकी जे शस्त्र खाली ठेवून घरी परततील, त्यांना त्यात अभय होते. तात्या टोपे यांनी शस्त्र खाली ठेवले नाही. एप्रिल १८५९ मध्ये ते पकडले गेले. त्यांच्यावरील आरोप हत्येचा नव्हे, सरकारविरुद्ध युद्ध केल्याचा होता. तरी १८ एप्रिल रोजी शिवपुरी येथे त्यांना फाशी देण्यात आली. कॅनिंगच्याच कारकिर्दीत, १८६० साली मंजूर झालेल्या भारतीय दंडसंहितेत या गुन्ह्यास देहान्ताची शिक्षा सांगितली होती.

नोव्हेंबर १८६१ मध्ये त्याची पत्नी शार्लट हिवतापाने वारली. तिला बराकपूर येथे मूठमाती देऊन तो मार्च १८६२ मध्ये मायदेशी निघाला. प्रकृती पार ढासळली होती. १७ जून १८६२ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, लंडन येथे त्याचे निधन झाले.