कमला सोहोनी

कमला सोहोनी (माहेरचे नाव: कमला भागवत, १९११–१९९८) या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. दूध, कडधान्ये, नीरा अशा सामान्य माणसाच्या आहारातील पदार्थांवर त्यांनी मूलभूत संशोधन केले.

बालपण आणि शिक्षण

त्यांचा जन्म इंदूर येथे झाला. वडील नारायणराव व काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी होत. मुंबई विद्यापीठाची बी.एस्‌सी. पदवी प्रथम क्रमांकाने मिळवल्यावर १९३३ साली त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला. त्या स्त्री असल्याच्या कारणावरून संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तो नाकारला. कमलाबाईंनी हा निर्णय मान्य केला नाही. अखेर एक वर्ष परीक्षाधीन राहण्याच्या अपमानास्पद अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. त्यांच्या कामामुळे रामन यांचे मत बदलले आणि संस्थेची दारे इतर विद्यार्थिनींना खुली झाली.

१९३७ साली त्या केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी हे श्वसनक्रियेस आवश्यक द्रव्य असते, हे त्यांनी बटाट्यावरील अभ्यासातून दाखवले. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानातील डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते.

संशोधनकार्य

मायदेशी परतल्यावर त्यांनी दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय व कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा येथे काम केले. १९४७ साली माधव सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या. तेथील शासकीय विज्ञान संस्थेत त्या जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक व पुढे संचालक झाल्या.

कच्च्या कडधान्यांत प्रथिनांच्या पचनास अडथळा आणणारे घटक असतात व शिजवल्याने त्यांचा प्रभाव कमी होतो. कमलाबाई व त्यांच्या विद्यार्थ्यांनी या घटकांचा अभ्यास केला. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेवर संशोधन केले. कुपोषित आदिवासी मुले व गरोदर स्त्रिया यांच्यासाठी नीरा हा स्वस्त पूरक आहार ठरू शकतो, असे त्यातून दिसून आले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दुग्ध प्रकल्पालाही त्यांनी सल्ला दिला. सरकारी प्रयोगशाळेतील संशोधन गरिबांच्या ताटापर्यंत पोहोचावे, हे त्यांच्या कामाचे सूत्र राहिले.

उत्तरायुष्य

ग्राहक चळवळीतही त्या सक्रिय होत्या. भारतीय ग्राहक मार्गदर्शन संस्थेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले आणि ‘कीमत’ या नियतकालिकात ग्राहकहितविषयक लेखन केले. १९९८ साली त्यांचे निधन झाले.