हिमनर्तकी ल्युदमिला पाखोमोवा

वैशाखात जळगाव-धुळ्याकडील मुलांची बर्फाशी भेट होते ती गोळ्याच्या काडीवर. त्याच बर्फाचे विस्तीर्ण अंगण करून त्यावर एक स्त्री व एक पुरुष संगीताच्या तालावर नाचतात, आणि या नृत्याच्या जागतिक स्पर्धा भरतात, हे त्यांना नवलाचे वाटेल. नर्तकांच्या बुटाखाली पोलादी पट्टी असते व तिला दोन धारा असतात. एका धारेवर तोल सावरीत, देह किंचित झुकवून ते वळणे घेतात. जोडीदारास डोक्यावर उचलून धरण्यास येथे मनाई आहे. दोघांची पावले एक झाली पाहिजेत, हीच खरी कसोटी.

या कसोटीस उतरलेली ल्युदमिला पाखोमोवा ३१ डिसेंबर १९४६ रोजी मॉस्को येथे जन्मली. पहिल्या जोडीदारासह तिने सोव्हिएत संघाचे विजेतेपद मिळविले होते. असे असता १९६६ साली तिने अलेक्सांद्र गोर्शकोव या फारशा न नावाजलेल्या तरुणाची निवड केली, तेव्हा अनेक जाणकारांनी नाके मुरडली. परंतु ती आपल्या निवडीवर ठाम राहिली.

त्या काळी या खेळावर इंग्रज जोड्यांचा पगडा होता. त्यांच्या नृत्यात दिवाणखान्यातील शिष्टपणा असे. पाखोमोवाने प्रशिक्षिका येलेना चैकोवस्काया हिच्या मार्गदर्शनाखाली त्यात रशियन लोकसंगीताचा जोम व बॅलेचे लालित्य आणले. १९७० साली ही जोडी जगज्जेती ठरली. त्याच वर्षी दोघांचा विवाह झाला. १९७४ पर्यंत ते पद त्यांच्याकडेच राहिले.

१९७५ च्या प्रारंभी मात्र गोर्शकोवच्या फुप्फुसावर शस्त्रक्रिया करावी लागली आणि जागतिक स्पर्धेतून त्यांना माघार घ्यावी लागली. धावणाऱ्याचाही दम जेथे उखडतो, तेथे फुप्फुसाला जखम झालेला नर्तक पुन्हा उभा राहील, अशी आशा किती जणांना असणार? तरीही दोघांनी सराव पुन्हा आरंभिला. १९७६ साली इन्सब्रुक येथे हे नृत्य ऑलिंपिकमध्ये प्रथमच समाविष्ट झाले, आणि त्यातील पहिले सुवर्णपदक याच जोडीने पटकाविले.

स्पर्धेतून निवृत्त झाल्यावर पाखोमोवा प्रशिक्षिका झाली. असाध्य व्याधीने तिला ग्रासले, तरी तिने शिकविणे सोडले नाही. १७ मे १९८६ रोजी, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी तिचे निधन झाले.

तिने, गोर्शकोवने व चैकोवस्कायाने १९७४ मध्ये रचलेला एक टँगो पुढे स्पर्धेतील विहित नृत्यांत गणला गेला. २०१० च्या व्हँकूव्हर ऑलिंपिकमध्ये प्रत्येक जोडीने स्पर्धेचा आरंभ केला तो त्याच टँगोने.