सलीम अली

डॉ. सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली (जन्म : मुंबई, १२ नोव्हेंबर १८९६, मृत्यू : मुंबई, २० जून १९८७) हे भारतीय पक्षिशास्त्रज्ञ होते. भारतीय उपखंडातील पक्ष्यांचा पद्धतशीर अभ्यास त्यांनी विद्यापीठाची पदवी नसताना उभा केला.

बालपण

आईवडिलांचे छत्र लवकर हरपल्याने खेतवाडीतील मामा अमिरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांनी त्यांचा सांभाळ केला. छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी टिपलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ती वेगळी का, हे विचारण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिला, शिवाय संस्थेचा पक्षिसंग्रहही उघडून दाखविला. पुढील आयुष्याची दिशा या भेटीने ठरली.

नोकरी आणि बेकारी

ब्रह्मदेशात कौटुंबिक व्यवसायात काही वर्षे काढून ते मुंबईस परतले. १९१८ मध्ये तहमिना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पदवीअभावी भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागातील जागा मिळाली नाही; १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून काम मिळाले. बर्लिनला एर्विन स्ट्रेझमान यांच्याकडे शिकून १९३० मध्ये ते परतले, तेव्हा निधीअभावी ते पदच रद्द झाले होते.

खर्च परवडेना म्हणून पतिपत्नी अलिबागजवळील किहीम येथे राहावयास गेली. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. नर अर्धवट घरटे विणतो, मादी ते पारखून पसंत करते, मग नर ते पूर्ण करतो. मादी अंडी उबवू लागताच तो दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे विणावयास घेतो, असे त्यांना दिसून आले. सुगरणीचे घरटे अंगणातून पाहिलेल्या कोणालाही हा क्रम ध्यानी आला नव्हता. नोकरी टिकली असती तर कदाचित त्यांनाही आला नसता.

हैदराबाद संस्थानातील सर्वेक्षण

फारसा अभ्यास न झालेल्या संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी विनावेतन करण्याची तयारी त्यांनी दर्शविली. संस्थानाने केवळ प्रवास व मुक्कामाचा खर्च द्यावयाचा होता. १९३१-३२ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानाची पाहणी झाली. आजचे लातूर व नांदेड जिल्हे, किल्लारीसह, तेव्हा याच संस्थानात होते. तहमिना बेगम या मुक्कामांत त्यांच्यासोबत असत. पक्षी मारून नमुने जमविण्याची तेव्हाची रीत आज खटकते. परंतु जातींची खात्रीशीर ओळख त्यावाचून होत नसे. ह्यू व्हिसलर यांच्या टिपणांसह हा अहवाल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे त्रावणकोर, कोचीन आदी संस्थानांतही अशीच सर्वेक्षणे झाली.

१९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर तहमिना बेगम यांचे निधन झाले. सलीम अलींनी पुन्हा विवाह केला नाही.

ग्रंथ व सन्मान

१९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. सामान्य वाचकाच्या हाती पक्षी ओळखण्याचे साधन त्यामुळे आले. डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा संदर्भग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पूर्ण झाला. भरतपूरच्या पाणथळीचे व केरळातील सायलेंट व्हॅलीचे रक्षण व्हावे म्हणून त्यांनी प्रयत्न केले. पद्मभूषण (१९५८), पद्मविभूषण (१९७६) हे सन्मान त्यांना लाभले. १९८५ मध्ये ते राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य झाले. गोव्यातील चोडण बेटावरील अभयारण्यास व मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर येथील एका तलावास त्यांचे नाव आहे.