फिलिप डाइडेशाइमर
फिलिप डाइडेशाइमर (जन्म : १८३२, डार्मश्टाट, हेसेन, मृत्यू : २१ जुलै १९१६, सॅन फ्रान्सिस्को) हे जर्मनीत जन्मलेले अमेरिकन खाण अभियंता होते. भूमिगत धातुखाणींत लाकडी चौकटींचा आधार देऊन धातुक काढण्याची ‘स्क्वेअर सेट’ पद्धत त्यांनी १८६० मध्ये नेवाडातील कॉमस्टॉक लोड येथे प्रचारात आणली.

सुरुवातीचे जीवन

फ्रायबेर्ग येथील प्रसिद्ध खनिकर्म विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. सोन्याच्या शोधाची लाट ओसरण्यापूर्वीच, वयाच्या विशीच्या आसपास, ते कॅलिफोर्नियात आले आणि सुमारे दशकभर तेथील खाणींत काम करीत राहिले.

ऑफिर खाण

१८५९ मध्ये कॉमस्टॉक येथे चांदीचा प्रचंड साठा सापडला. ऑफिर खाणीत पृष्ठभागाजवळ अवघी काही फूट रुंद असलेली खनिजशिरा सुमारे १८० फूट खोलीवर ४० ते ६५ फूट रुंद झाली. धातुक समृद्ध होते, पण इतके ठिसूळ की हाताळताच कोसळे. दोन खांब व त्यांवर एक आडवी तुळई हा जुना आधार अरुंद शिरेत पुरेसा असे. येथे मात्र एवढी रुंदी पेलणारी तुळई मिळणे अशक्य होते. माथ्याला आधार म्हणून धातुकाचेच स्तंभ सोडावेत, तर तेही चुरा होत. डोळ्यांसमोर संपत्ती असून ती काढणे म्हणजे खाणकामगारांना मृत्यूच्या दाढेत पाठविणे होते. या पेचातून मार्ग काढण्यासाठी कंपनीने १८६० च्या अखेरीस डाइडेशाइमर यांना बोलावले.

लांब तुळईचा नाद सोडून त्यांनी आखूड लाकडांचा विचार केला. सुमारे चार ते सहा फूट लांबीच्या जाड चौरस लाकडांच्या टोकांना खाचा पाडून ती एकमेकांत बसविली की एक पोकळ घन तयार होई. जेवढे धातुक काढावे तेवढ्या जागेत नवा घन बसवायचा. तो शेजारच्या, वरच्या वा खालच्या घनाला जोडला जाई. त्यामुळे पोकळी कोणत्याही दिशेला व कितीही वाढविता येई. रिकामे घन टाकाऊ दगडांनी भरले की दाब पेलण्याची शक्ती आणखी वाढे. ही कल्पना त्यांना मधमाश्यांच्या पोळ्यावरून सुचली, अशी आख्यायिका लोकप्रिय आहे.

या पद्धतीचे एकस्व त्यांनी घेतले नाही. ती लवकरच कॉमस्टॉकच्या इतर खाणींत आणि पुढे मोंटानातील ब्यूट व ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिल येथेही वापरली गेली. तिची किंमत मात्र सिएरा नेवाडातील जंगलांनी मोजली. टाहो सरोवराच्या परिसरातील पाइन वृक्ष मोठ्या प्रमाणावर तोडून खाणींत उतरविले गेले. कोसळण्याचा धोका कमी झाला, पण जमिनीखाली साठलेल्या एवढ्या लाकडामुळे आगीचा धोका वाढला. एप्रिल १८६९ मध्ये गोल्ड हिल येथील यलो जॅकेट खाणीच्या आगीत किमान ३५ कामगार मृत्युमुखी पडले.

उत्तरायुष्य

मोंटानातील चांदीच्या खाणींचे व्यवस्थापन त्यांनी काही काळ पाहिले. १८६७ मध्ये वसलेल्या फिलिप्सबर्ग या गावाला त्यांचे नाव मिळाले. आडनाव फार लांब म्हणून पहिल्या नावावर भागविण्यात आले, असे सांगतात.

कॉमस्टॉकला परतल्यावर, १८७३ मध्ये सापडलेल्या ‘बिग बोनान्झा’ या साठ्याचे मूल्य त्यांनी दीड अब्ज डॉलर असल्याचा अंदाज वर्तविला. प्रत्यक्ष उत्पादन त्याच्या जवळपासही पोहोचले नाही. या अंदाजाने समभागांच्या तेजीला खतपाणी घातले. स्वतः डाइडेशाइमर यांनीही त्यावर विश्वास ठेवून पैसा गुंतविला आणि भाव कोसळल्यावर ते दिवाळखोर झाले. खडकाचा भार अचूक ओळखणाऱ्या अभियंत्याची ही चूक त्यांच्या चरित्रात ठळकपणे उठून दिसते. पुढे कॅलिफोर्नियातील सिएरा सिटीजवळच्या यंग अमेरिका या सोन्याच्या खाणीत त्यांनी पुन्हा काम उभे केले.

१९५९ मध्ये ‘बोनान्झा’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेचा एक भाग त्यांच्यावर आधारित होता.